‘द ब्लॅक स्टॅलियन’ घरच्यांसोबत पाहताना मधला अर्धा तास कुणी बोलू नका

कोथरूडहून एका आईनं विचारलंय: “घरात सहा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा आहे, सासूबाई-सासरेही आमच्याबरोबर असतात. सुट्टीत सगळ्यांनी मिळून ‘द ब्लॅक स्टॅलियन’ पाहावा असं मनात आहे. पण सासूबाईंना इंग्रजी समजत नाही, धाकटीला जहाज बुडण्याचा प्रसंग झेपेल का याची धास्ती वाटते, आणि मोठा संथ सिनेमा सुरू झाला की उठून जातो. दाखवावा का? दाखवला तर कसा?”

दाखवा. आणि मुलांना एकटं बसवून नको, सगळे मिळून पाहा. तुमच्या तीन अडचणींपैकी दोन तर हा सिनेमा स्वतःच सोडवतो. धाकटीच्या भीतीसाठी मात्र तुम्हाला थोडी तयारी करावी लागेल, त्याबद्दल पुढे नीट लिहिते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वॉल्टर फार्ले यांच्या १९४१ च्या कादंबरीवरून कॅरोल बॅलार्ड यांनी १९७९ साली हा सिनेमा केला. काळ १९४६ चा. अ‍ॅलेक नावाचा मुलगा वडिलांबरोबर जहाजानं निघालाय. त्याच जहाजावर दोरखंडांनी जखडलेला एक काळा अरबी घोडा आहे. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडतं आणि मुलगा आणि घोडा, दोघंच एका निर्जन बेटाला लागतात. पुढे सुटका होते, दोघं अमेरिकेत घरी येतात आणि गोष्ट घोड्यांच्या शर्यतीपर्यंत जाते. लांबी ११८ मिनिटं.

या सिनेमाचं काळीज बेटावरच्या भागात आहे. तिथं जवळपास अर्धा तास एकही संवाद नाही. बोलणार कोण आणि कुणाशी? एरवी इंग्रजी सिनेमा लागला की घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आजी विचारते, “काय म्हणाला रे तो?” नातू अर्धवट सांगतो, तोवर पुढचं वाक्य निघून जातं. थोड्या वेळानं आजी विचारायचं सोडून देते आणि जपाची माळ नाहीतर मोबाइल हातात घेते. या अर्ध्या तासात तसं होत नाही. जे नातवाला दिसतं तेच आजीला दिसतं. उलट ज्या माणसानं आयुष्यात गोठा, बैल, कुत्री-मांजरं जवळून पाहिली आहेत त्याला घोड्याच्या हालचालीतलं जास्त समजतं. सासूबाई किंवा सासरे गावाकडे वाढलेले असतील तर त्या खोलीत सर्वांत जाणकार प्रेक्षक तेच असतील.

मी पुण्यात बरीच वर्षं मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून सिनेमे दाखवते. कधी शाळेच्या हॉलमध्ये, कधी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. “आमच्या मुलाला संथ सिनेमा चालत नाही” हे वाक्य दर वेळी कानावर येतं. माझा अनुभव असा, की मुलं शांततेला कंटाळत नाहीत. मोठ्या माणसांच्या न समजणाऱ्या बोलण्याला कंटाळतात. दोन माणसं टेबलापाशी बसून बोलतायत, त्यात काय चाललंय हे उमगत नाही, तिथं चुळबुळ सुरू होते. पडद्यावर काहीतरी घडतंय आणि ते डोळ्यांनी समजतंय, तर मूल हलत नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९ चा, मूकपट. त्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली आहे. सिनेमाच्या सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते. आजची मुलंसुद्धा ते पाहताना आपले चेहरे तसेच करू लागतात. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, तीही मुकी, आणि पहिलीतली मुलं रंगून जातात. तेव्हा तुमच्या दहा वर्षांच्या मुलाची काळजी करू नका.

काळजी करायची तर मोठ्यांची. पडद्यावर शांतता पसरली की ती भरून काढायची घाई आपल्याला होते. “बघ बघ, आता तो घोड्याला खायला देणार.” “घाबरू नकोस हं, घोडा काही करणार नाही.” “किती छान समुद्र आहे ना?” हे सगळं मायेपोटीच असतं, पण त्यानं मुलाचा शोध आपण हिसकावून घेतो.

एक प्रसंग सांगते. मुलगा एका शिंपल्यात समुद्रातलं शेवाळ घेतो आणि घोड्यापुढे हात लांब करून उभा राहतो. कॅमेरा जवळ जात नाही, लांबूनच पाहत राहतो. घोडा एक पाऊल येतो, थबकतो, मागे होतो. मान लांबवतो, पुन्हा झटक्यानं आखडून घेतो. मुलगा जागचा हलत नाही. आपल्याला वाटतं आता खाईल, तर घोडा वळून लांब जातो आणि परत येतो. हे बराच वेळ चालतं. दिग्दर्शकानं इथं कापाकापी करून गोष्ट पुढे रेटलेली नाही, कारण भुकेला असूनही घाबरलेला प्राणी एवढाच वेळ घेतो. घोडा हे मुळात शिकार होणारं जनावर. संशय आला की पळायचं, हेच त्याचं संरक्षण. अनोळखी हातातून खाणं म्हणजे त्या पळण्याच्या इच्छेवर मात करणं. तुमच्या मुलांना हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्यांचे हात बघा. पुष्कळ मुलं नकळत आपलाही तळवा पुढे करतात. त्या वेळी कुणी “बघ बघ” म्हणालं की तो हात खाली येतो.

पुढे मुलगा घोड्यावर पहिल्यांदा बसतो तो पाण्यात. हे फार शहाणपणाचं आहे. पाण्यात घोड्याला उधळता येत नाही आणि पडलं तरी लागत नाही. तुमचा मुलगा कदाचित हे स्वतःहून ओळखेल. ओळखू द्या.

आवाजाबद्दल जरा विस्तारानं लिहिते, कारण घरी पाहताना सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. या सिनेमाच्या ध्वनिसंकलनासाठी अ‍ॅलन स्प्लेट यांना विशेष ऑस्कर मिळालं होतं. घोड्याचा श्वास आणि टापा जवळून ऐकू याव्यात म्हणून घोड्याच्या अंगालाच मायक्रोफोन बांधून ध्वनिमुद्रण केलं गेलं. बेटावर संवाद नाहीत म्हणजे आवाज नाही असं नव्हे. लाटा, वारा, वाळूत रुतणारे खूर, घोड्याचं फुरफुरणं, सगळी गोष्ट यातूनच सांगितली आहे. टीव्हीच्या पातळ स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं. घरात साधा साउंडबार किंवा ब्लूटूथ स्पीकर असेल तर जोडा आणि टीव्हीजवळच ठेवा. पंखा एक नंबर कमी करा. स्वयंपाकघरात कुकर लावलेला नसावा. आणि खाऊ म्हणून चिवडा, वेफर्स, चकल्या देऊ नका. सहा माणसं कुडूमकुडूम करत असली की घोड्याचा श्वास कोण ऐकणार? बेसनाचा लाडू, केळं, राजगिऱ्याची वडी असं काहीतरी ठेवा. खोलीत अंधार करा, पडदे ओढा. छायालेखक कॅलेब डेशानेल यांनी इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर टिपलेली पहाट आणि संध्याकाळ उजेडात फिकी पडते.

आता धाकटीकडे येऊ. जहाज बुडण्याचा प्रसंग खरोखर भीतिदायक आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. रात्र, आग, किंकाळ्या, पाणी. एक माणूस मुलाच्या अंगावरचं लाइफ जॅकेट ओरबाडतो, हे तर मला आजही पाहवत नाही. आणि वडील त्यात जातात. त्यांचं प्रेत वगैरे काही दाखवलेलं नाही, ते पुन्हा दिसत नाहीत, एवढंच.

सहा वर्षांच्या मुलीला हे आधी सांगा. त्याच दिवशी, जेवताना, साध्या आवाजात सांगा: जहाज बुडतं. मुलगा वाचतो, घोडाही वाचतो. बाबा वाचत नाहीत. गोष्ट फुटेल म्हणून भिऊ नका. सहा वर्षांच्या मुलांना पुढे काय होणार हे ठाऊक असलेलंच आवडतं, म्हणून तर तीच गोष्ट रोज रात्री ऐकायची असते. काही पालक वडिलांचं जाणं लपवतात, “बाबा दुसऱ्या बोटीतून गेले” असं सांगतात. मग मूल उरलेला सगळा सिनेमा बाबांची वाट पाहत बसतं आणि शेवटी ते आले नाहीत की फसवल्यासारखं होऊन रडतं. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल तर मात्र हा सिनेमा वर्षभर पुढे ढकला.

प्रत्यक्ष तो प्रसंग आला की तिला मांडीवर घ्या आणि आवाज निम्म्यावर आणा. मूल डोळे मिटून घेऊ शकतं, कान मिटू शकत नाही, म्हणून भीती बहुतेक वेळा कानांतून आत शिरते. चित्र तसंच चालू राहू दे. फास्ट फॉरवर्ड करू नका. गाळलेल्या जागी मूल स्वतःचं काहीतरी रचतं आणि ते सिनेमातल्यापेक्षा भयंकर असतं. सकाळी किनाऱ्यावर मुलगा जागा होतो, तिथं आवाज पुन्हा वाढवा. बेटावर नागाचाही एक प्रसंग आहे. झोपेतून उठलेल्या मुलासमोर नाग येतो आणि घोडा त्या नागाला टापांखाली चिरडतो. हा प्रसंग आवरतो पटकन. पण साप पाहून तुमची मुलगी दचकत असेल तर हेही आधी सांगून ठेवा.

तयारीत सासू-सासऱ्यांना एक मोठं काम द्या. जहाजावर वडील पत्त्यांत जिंकलेल्या वस्तूंपैकी घोड्याची एक छोटी मूर्ती आणि एक चाकू मुलाला देतात आणि अलेक्झांडरच्या बुसेफॅलस घोड्याची गोष्ट सांगतात. सुरुवातीचा हाच एक भाग असा आहे की भाषा न समजल्यानं खरंच काहीतरी निसटतं. तेव्हा आदल्या रात्री ती गोष्ट आजी-आजोबांनी मराठीत सांगावी. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहिलेली मूळ कथा अशी: राजा फिलिपसमोर एक देखणा घोडा विकायला आणला, पण तो कुणालाच अंगाला हात लावू देईना. राजानं त्याला परत न्यायला सांगितलं. पोरसवदा अलेक्झांडर पाहत होता. त्याच्या लक्षात आलं की घोडा स्वतःच्याच सावलीला बिचकतोय. त्यानं घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, सावली मागे पडली. मग त्याला चुचकारलं आणि सावकाश वर बसला. हाच घोडा पुढे त्याच्याबरोबर पार झेलमपर्यंत आला. पोरस राजाशी झालेल्या लढाईच्या सुमारास तो गेला आणि अलेक्झांडरनं त्याच्या नावानं तिथं एक नगर वसवलं. पोरस म्हटलं की तुमच्या मुलाचे कान टवकारतील, शाळेत नाव ऐकलेलं असतंच. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ती मूर्ती दिसली की आजीच नातवाला कोपरानं ढोसेल आणि एरवीचा “काय म्हणाला रे तो?” हा प्रश्न उलटा होईल. या वेळी आजीला ठाऊक आहे आणि नातवाला आठवावं लागतंय.

वेळ दुपारी चार-साडेचारची ठेवा. रात्रीच्या जेवणानंतर नको, बेटाचा भाग येईपर्यंत धाकटी पेंगेल. मध्यंतर घ्यायचंच असेल तर कोळी मुलाला वाचवून नेतात आणि घोडा त्यांच्या बोटीमागे पोहत येतो, तिथं घ्या. पहिल्या तासाच्या आसपासच ते येतं. त्याआधी कुणीही उठायचं नाही, हा नियम आजोबांनी जाहीर केला तर पाळला जातो.

दुसरा भाग सोपा आहे, त्यावर फार लिहीत नाही. घोडा शहरात बिथरतो, पळतो आणि एका निवृत्त जॉकीच्या तबेल्यात सापडतो. तो जॉकी म्हणजे मिकी रूनी. आजोबांना इंग्रजी सिनेमाची आवड असेल तर त्यांना आठवेल, १९४४ च्या ‘नॅशनल व्हेल्वेट’मध्ये याच रूनीनं एलिझाबेथ टेलरच्या घोड्याला शर्यतीसाठी तयार केलं होतं. पस्तीस वर्षांनी तोच माणूस थकलेल्या चेहऱ्यानं दुसऱ्या एका मुलाला घोडदौड शिकवतोय, आणि त्यासाठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. इथं संवाद वाढतात. आजीला मध्ये मध्ये दोन वाक्यांत सांगितलं तर हरकत नाही, शांततेचा नियम बेटापुरताच. शर्यत आणि पत्ते आहेत म्हणून काही पालक बिचकतात, पण पैजेचा जुगार हा या गोष्टीचा विषयच नाही. तुमच्या मुलाला शर्यत आवडेल. शर्यतीत लोकांचा गलबला मागे पडतो आणि आपण पुन्हा बेटावर जातो, तिथं मात्र पुन्हा कुणी बोलू नये.

मला या सिनेमात एक गोष्ट खटकते आणि ती दहा वर्षांच्या मुलाशी बोलावी असं वाटतं. जहाजावर घोड्याला छळणारी अरब माणसं निव्वळ क्रूर दाखवली आहेत. त्यांना ना चेहरा, ना बाजू. प्रत्यक्षात अरबी घोड्याची जात शेकडो वर्षं निगुतीनं वाढवली ती वाळवंटातल्या भटक्या बेदुइन टोळ्यांनी. त्यांच्याकडे लाडकी घोडी तंबूतही बांधत. ज्या घोड्यावर सगळा सिनेमा उभा आहे तो त्यांच्याच मेहनतीचं फळ. सिनेमा संपल्यावर, लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे मुलाला सांगा. आवडत्या सिनेमातही एखादी गोष्ट अन्यायाची असू शकते, हे या वयात समजू लागतं.

घोडा खरा होता का, मुलगा खरंच बसला होता का, हे प्रश्न येणारच. मुलगा, केली रेनो, कोलोरॅडोतल्या रँचवर वाढलेला, घोड्यावर बसणं त्याला आधीपासून येत होतं. मुख्य घोड्याचं नाव कॅस-ओले. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या खुणा काळ्या रंगवल्या होत्या आणि काही दृश्यांत दुसरे घोडे वापरले होते. हे सगळं नंतर सांगा, चालू सिनेमात नको.

आणि एक वेगळंच नातं पुण्याची मुलं या सिनेमाशी जोडतात. किनाऱ्यावर घोडा मोकळा धावू लागला की कुणीतरी हमखास म्हणतं, “माऊलींच्या अश्वासारखा!” चांदोबाचा लिंब इथलं रिंगण त्यांनी टीव्हीवर तरी पाहिलेलं असतं. पाठीवर स्वार नसलेला घोडा हजारो माणसांमधून धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोड्याला हुकूम न देता त्याच्यासाठी वाट मोकळी करायची, हे आपल्याकडे मुलांना लहानपणापासून दिसतं. तुमच्या सासूबाई वारीशी जोडलेल्या असतील तर सिनेमानंतर त्यांना रिंगणाबद्दल बोलू द्या. त्या काय सांगतील ते मुलांना कुठल्याही समीक्षेतून मिळणार नाही.

सिनेमा संपला की “काय शिकलास?” असं मात्र विचारू नका. तात्पर्य विचारलं की मूल तुम्हाला हवं ते उत्तर देतं, “प्राण्यांवर प्रेम करावं”, आणि विषय संपतो. काहीच विचारलं नाही तर दोन दिवसांनी आंघोळीच्या बादलीत घोडा पोहू लागतो, उशीवर रपेट सुरू होते, बाबा का नाही आले हा प्रश्न झोपताना येतो. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही जवळ असा.

मुलांना खरा घोडा दाखवायला महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर नेणार असाल तर आधी एवढं समजावून द्या: घोड्याच्या मागून जायचं नाही. अगदी समोरून नाकापाशी घुसायचं नाही, कारण त्याला ठीक समोरचं आणि ठीक मागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. कान मागे चपटे झाले तर थांबायचं. खायला द्यायचं ते घोडेवाल्याला विचारून, तळवा सपाट आणि अंगठा चिकटवून. सिनेमातल्यासारखं खोगिराशिवाय बसायचा हट्ट मोठा करेल, तो मान्य करू नका.

शेवटचं एक. हा आवडला म्हणून लगेच पुढच्या रविवारी लामोरिस यांचा १९५३ चा फ्रेंच ‘व्हाइट मेन’ (म्हणजे पांढरी आयाळ) लावू नका. तोही मुलगा आणि घोड्याचाच, कृष्णधवल, पाऊण तासाच्या आतबाहेरचा, कामार्गच्या दलदलीत चित्रित केलेला आणि अतिशय सुंदर. लांबी कमी म्हणून पालक तो लहान मुलांना आधी दाखवतात. पण त्याचा शेवट मुलगा आणि घोडा खोल समुद्रात निघून जाण्याचा आहे आणि सहा वर्षांच्या मुलीला तो ‘ब्लॅक स्टॅलियन’मधल्या जहाजापेक्षा जड जाईल. मोठ्याला आत्ताही चालेल. धाकटीसाठी अजून तीन-चार वर्षं थांबा.